बूट झाडण्याआधी

मोंदेगो नदी अटलांटिकला भेटते
तिथे एका ड्रेजरवर मी पंप चालवतो.
अकरा वर्षं झाली.
नळी तळाशी सोडायची,
नदीचं, समुद्राचं, जे येईल ते ओढून घ्यायचं,
पाणी कडेने सांडू द्यायचं.
जड ते आपलं.

बंदराला साडेसहा मीटर खोली लागते.
कागदाचा लगदा न्यायला येणारी जहाजं
वाळूला फार भितात.
आम्ही साडेसहा करून द्यायचं,
जानेवारीच्या दोन वादळांनी त्याचं पाच करायचं.
म्हणजे पगार वाळूच देते.

ती येते उत्तरेकडून, चालत.
लाटेबरोबर तिरकी चढते, सरळ उतरते,
तिरकी चढते, सरळ उतरते,
असा तिचा प्रवास, वर्षानुवर्षं, मुक्काम न करता.
मग कधीतरी उत्तरेला दगडांचा धक्का बांधला,
लांबलचक हात समुद्रात घातल्यासारखा,
आणि त्याच्या काखेत ती बसून राहिली.
आता तिकडच्या हॉटेलातून निघालेला माणूस
पाण्यापर्यंत पोचेतो दमतो.
वाटेत आईस्क्रीमवाले बसतात.

आम्ही दक्षिणेचे. कोव्हाचे.

माझी आई देओलिंदा आयुष्यभर वाळूशी भांडली.
चादरीत वाळू, सुपात वाळू, पावाच्या पिठात वाळू,
जाळं ओढून आलेल्या बापाच्या कानात वाळू.
त्याला दाराबाहेर उभं करून
ती ओल्या फडक्याने झोडपायची,
आणि तो हसत गोल फिरायचा.

परवाच्या हिवाळ्यात कुस्तोदियूची नावेची पडवी गेली.
लाकडी पूल गेला.
पर्यटकांसाठी लावलेला अंघोळीचा नळ मात्र राहिला,
भरतीत कमरेएवढ्या पाण्यात एकटाच उभा.
कुणीतरी तो चालू ठेवला होता.

तेव्हापासून आई केर निवडते.
धूळ, केस, पावाचा चुरा एकीकडे,
वाळू एकीकडे, बिस्किटांच्या डब्यात.
डबा भरला की गुडघे धरत मागे जाते
आणि टेकडीच्या तुटक्या कडेशी ओतते.
मी म्हटलं, आई, अगं, एका फेरीत मी
बाराशे घनमीटर टाकून येतो.
कुठे टाकतोस?
बाहेर, खोलात. नियमात आहे तिथे.
तिथून ती चालत परत येईल?

मी सूप संपवलं.

मार्चमध्ये एका रात्री, धुकं होतं,
आमच्या कप्तानाने, बाल्तझारने, इंजिन मंद केलं.
तो पलीकडच्या गालाचा. फारसं बोलत नाही.
कोव्हाचे दिवे डावीकडे, मोजता येतील इतके जवळ.
आईच्या स्वयंपाकघराचा मी ओळखला.
त्याने तळाचे दरवाजे उघडले.
जहाज हलकं झालं, दोन हात वर उठलं,
ओझं उतरवून कुणी कंबर सरळ करावी तसं.
नोंदवहीत त्याने नेहमीचेच आकडे लिहिले
आणि पेन माझ्याकडे दिलं.
मी सही केली.

त्याने काही झालं का?
सांगता येत नाही.
एप्रिलच्या ओहोटीत नळाच्या पायाशी
एक पिवळट पट्टी दिसली, टेबलक्लॉथएवढी.
दोन दिवस होती.

काल घरी गेलो तर आई दारातच,
हातात जुनं वर्तमानपत्र.
हलू नकोस, म्हणाली.
पाय उचल. आता दुसरा.
बूट उलटे करून तिने टाचा एकमेकींवर आपटल्या,
पडलेली चिमूट बोटांत चोळली, दिव्याखाली धरली.
ही आपली नाही, म्हणाली. नदीची आहे.
बघ, टोचते. कुठल्या तरी डोंगरातली.
अजून घासली गेली नाही.

मग तीही डब्यात टाकली
आणि झाकण शोधू लागली.